गवतातला कोल्हा

"कार्डवाल्या बाई येतील, चहा घेतील, कागदावर आप्पांची सही घेतील आणि जातील," थोरल्यानं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. "तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून रंगाचं नाव निघालं नाही की आपण सुटलो."

"आणि निघालं तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर तू खोकायचंस."

धाकट्यानं लगेच खोकून दाखवलं. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावून स्वतःचं बंद ठेवायची त्याला सवय होती आणि घरच्या भांडणात जो शेवटचं बोलेल त्याच्या बाजूनं जायची लहानपणापासूनची खोड होती. आत्ता थोरला शेवटचं बोलला होता, म्हणून तो थोरल्याच्या बाजूनं होता.

"मला हे पटत नाही," वकीलबाई म्हणाली. तिघा भावंडांत ती मधली. माहेरी आली तरी ती चष्मा कोर्टातल्यासारखाच नाकाच्या टोकावर ठेवी. "आप्पा सही करणार आणि ज्याच्यावर सही करणार ते चित्र कसं दिसतं हे त्यांनाच माहीत नाही. अशी सही मी दुसऱ्या कुणाला करू दिली नसती."

"ताईचं बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

"तू खोकायचं काम कर," थोरला म्हणाला. "अगं, घोड्याच्या वेळी काय झालं ते तुला सांगायला हवं का?"

घोड्याचं नाव निघालं की या घरात सगळेच गप्प होत.

छापखाना नवा होता आणि ही तिघं अगदी लहान होती तेव्हाची गोष्ट. आप्पांनी बडबडगीतांची शुभेच्छापत्रं काढायचं ठरवलं. पहिल्याच पत्रावर टांगेवाल्याचा घोडा होता. चित्रही आप्पांचं, रंगही आप्पांचे. घरी पाहुणे जमले असताना त्यांनी ते मोठ्या हौसेनं सगळ्यांसमोर ठेवलं, आणि माईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, भाऊ म्हणाला, घोडा गवत फार खातो वाटतं, अंगावर उमटलंय. सगळे पोट धरून हसले. आप्पाही हसले, पण का हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं. हिरवा आणि लाल, तपकिरी आणि शेवाळी हे रंग त्यांच्या डोळ्यांना एकाच घरचे दिसत, हे तेव्हा उघड झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिली डब्यात भरल्या आणि पुढं कितीतरी महिने छापखान्यात फक्त औषधांच्या बाटल्यांची लेबलं निघाली. जेवताना ते भिंतीकडं बघत. मुलांशी बोलत ते असे, की जणू मुलंच पाहुणी आहेत.

मग माईनं सगळा कारभार हातात घेतला. भावाचं येणं बंद केलं. आप्पांना पुन्हा टेबलाशी बसवलं आणि शाई घोटायचं, यंत्राला लावायचं काम स्वतःकडं घेतलं. आप्पा नुसती रेघ काढत आणि कोपऱ्यात लिहीत, 'गवत: गवताचा रंग. चंद्र: चंद्राचा रंग.' माई समजून घेई. आणि घरात एक नियम झाला, की रंगाचं नाव कुणी घ्यायचं नाही. त्यानंतर कुणीच कधी चूक काढली नाही, त्यामुळं आप्पांचा असा समज झाला की आपलं ते वयाबरोबर बरं झालं.

हा नियम पाळून ही भावंडं मोठी झाली, ती थोडी वाकडीच. वकीलबाईला शाळेत आकाशाचा रंग विचारला तेव्हा ती म्हणाली होती, "नेहमीचा." थोरल्यानं गाडी घेतली ती दुकानदारानं दाराशी आणून उभी केली तेव्हाच त्याला कळलं, की असल्या रंगाची गाडी कुणीच घेत नाही म्हणून ती स्वस्तात मिळाली होती. धाकटा मात्र सुखात होता. दातांच्या छटांना आकडे असतात.

ही सगळी बोलणी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी, हळू आवाजात चालली होती, कारण फळीच्या भिंतीपलीकडं आप्पा पेन्सिलीला टोक करत बसले होते. खाली यंत्र बंद होतं. हल्ली ते बंदच जास्त असे. म्हणूनच त्या बाईंचा फोन आला तेव्हा थोरला खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. त्यांची शुभेच्छापत्रांची मोठी कंपनी होती. आप्पांची जुनी बडबडगीतांची सगळी पत्रं त्यांना पुन्हा बाजारात आणायची होती आणि खोक्याच्या झाकणावर घालायचा होता तो कोल्हा.

त्या कोल्ह्यातच सगळी गोम होती. बाकीच्या चित्रांत माईनं गाईला गाईचा आणि चंद्राला चंद्राचाच रंग दिला होता. फक्त कोल्हा हिरवा होता, गवतासारखा हिरवागार. तेव्हा हिरव्या शाईचा डबा उघडा पडला होता, वाळून वाया गेला असता, असं माईनंच कधीतरी मुलांना सांगितलं होतं. घरच्यांच्या लेखी ती एक काटकसरीतून झालेली चूक होती. बाहेर लोकांनी ती पत्रं कपाटात जपून ठेवली होती.

"वहिनी, तुझं काय मत?" वकीलबाईनं विचारलं.

थोरली सून टेबलावर कप मांडत होती. तिला मत होतं. लग्न करून ती या घरात आली तेव्हा माईनं तिला बाजूला घेऊन घरातल्या चाव्या कुठं असतात, गॅस कसा बंद करायचा आणि कोणते शब्द बोलायचे नाहीत हे एका दमात सांगितलं होतं. माहेरी ती फुलांच्या दुकानात वाढलेली. तिनं पहिलं वर्ष जवळजवळ मुक्यानं काढलं. स्वतःची मुलं झाल्यावर त्यांना ती गच्चीवर नेऊन, दार लावून रंग शिकवत असे. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बाई मुलांना शिव्या शिकवतेय.

"माझं मत माईंना विचारा," ती म्हणाली.

माई खिडकीशी बसून बिस्किटं ताटलीत लावत होती. "माझं काय," ती म्हणाली. "सही होऊ दे. चित्रं पुन्हा निघतील. यांना बरं वाटेल. आणि कुणी काही बोलायचं नाही. बोललात आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, तर या वयात ती परत उचलली जाणार नाही."

आप्पा अजून रोज सकाळी चित्राला बसत, आणि ते बसतात म्हणूनच चालतेबोलते आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कार्डवाल्या बाई आल्या त्या हसतच. उंच, मोकळ्या आवाजाच्या, काखेत दारातून आडवी न मावणारी पुठ्ठ्याची बॅग. थोरल्यानं त्यांना आप्पांच्या कमी ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसवायचं ठरवलं होतं. आप्पांनी उठून खुर्ची ओढली आणि त्यांना नेमकं दुसऱ्या बाजूला बसवलं.

"काय सुंदर कप आहेत," बाई म्हणाल्या. "असा निळा हल्ली मिळत नाही."

धाकटा खोकला. थोरल्या सुनेनं चमचा पाडला. थोरला एकदम कागदाच्या जाडीबद्दल बोलू लागला.

"सर्दी झाली का तुम्हाला?" बाईंनी धाकट्याला विचारलं.

"जुनीच आहे," धाकटा म्हणाला.

"मी तर या दिवसाची किती वाट बघत होते. लहान असताना माझ्या वाढदिवसाला मावशीनं हेच पत्र पाठवलं होतं. ते मी शाळेच्या दप्तरात ठेवलं होतं. सगळ्या मैत्रिणी म्हणायच्या, दाखव ना गं तुझा तो हि..."

धाकटा असा खोकला, की त्याचा चहा बशीत आला. चमचा पुन्हा पडला. थोरल्यानं खुर्ची करकर सरकवली.

"हिमतीचा," वकीलबाई म्हणाली. ती अजून कुठल्याच बाजूला नव्हती, पण वडिलांचा चेहरा समोर होता. "हिमतीचा कोल्हा म्हणायचं होतं ना तुम्हाला?"

"नाही हो," बाई म्हणाल्या.

"अरे धाकट्या, तुला काय होतंय?" आप्पा म्हणाले. "आत जाऊन पाणी पी. आणि सूनबाई, तो चमचा राहू दे तिथंच. बाईंना जरा बोलू द्या. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्या चित्राबद्दल बोलतंय."

ते असं म्हणाले आणि सगळे ओशाळले. वडिलांचं रक्षण करता करता आपण त्यांची स्तुतीही त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही, हे थोरल्याच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं, पण आता माघार घ्यायला उशीर झाला होता.

बाईंनी चहा संपवला आणि बॅग उघडली. "आमच्या चित्रकारानं सगळी चित्रं संगणकावर नीट करून घेतली आहेत. डाग काढले. जुन्या छपाईत एकदोन चुका राहून गेल्या होत्या, त्याही दुरुस्त केल्या. खरं सांगू का, मला त्या आवडायच्या. पण हल्लीचे आईबाप लगेच तक्रार करतात, मुलांना काहीतरीच शिकवता म्हणून. ऑफिसात सगळ्यांचं एकमत झालं." त्यांनी एक मोठं छापील पान टेबलावर पसरलं. "हे बघा. आता कोल्हा कसा कोल्ह्यासारखा दिसतो."

कोल्हा तांबूस झाला होता. गवत हिरवं, कोल्हा तांबडा, शेपटीचं टोक पांढरं, पाठ्यपुस्तकातल्यासारखा. त्याच्या पाठीवर कोंबडी तशीच बसलेली, चोच वर करून. कोल्हा तसाच डोळे मिटून हसू दाबणारा. खाली आप्पांच्या अक्षरातलं गाणं:

कोल्होबा कोल्होबा, गवतात बसा,
कोंबडीला दिसू नका, गुपचूप हसा.
कोंबडी आली टिपत दाणे,
पाठीवर बसून म्हणाली गाणे.

आप्पांनी पान जवळ ओढलं. भिंग घेऊन शेपटीपासून कानापर्यंत सगळं पाहिलं. "छान," ते म्हणाले. "रेघ कुठं तुटली नाही. अगदी होतं तसंच आहे."

थोरल्याचा जीव भांड्यात पडला. हे तर न मागता मिळालं होतं. कोल्हा लाल झाला म्हणजे आता जगात कुणीही आप्पांना हिरव्या कोल्ह्याबद्दल विचारणार नाही. नियम कायमचा सुरक्षित. त्यानं बहिणीकडं पाहिलं. वकीलबाईनं चष्मा काढून पुसला. खरं सांगायला हवं, असं ती आठवडाभर म्हणत होती, पण चूकच दुरुस्त झाली असेल तर सांगण्यासारखं काय उरलं? तिनं हळूच मान हलवली. ती भावाच्या बाजूला गेली. धाकटा आधीच तिथं होता.

थोरल्या सुनेचं लक्ष मात्र सासूकडं होतं. टेबलाशी उभ्या माईच्या हातातली ताटली वाकडी झाली होती आणि बिस्किटं एकेक करून काठाकडं सरकत होती.

माई त्या पानाकडं बघत होती. डबा उघडा होता, वाळून गेला असता, हे तिनंच पसरवलेलं. दुसरं काय सांगणार? खरं सांगायचं तर रंगांबद्दल बोलावं लागलं असतं. खरं असं होतं, की कोल्हा तिनं आधी लालच केला होता. एक पान काढून दोरीवर वाळत घातलं आणि चार पावलं मागं जाऊन पाहिलं, तर कोंबडी शुद्ध बावळट दिसत होती. इतका लालभडक कोल्हा समोर, आणि ही त्याच्या पाठीवर चढून गाते. गाणं खोटं पडत होतं. मग तिनं सगळी शाई रॉकेलनं पुसून काढली, नखांत ती आठवडाभर राहिली, आणि कोल्ह्याला गवताचाच डबा लावला. दुसरं पान वाळत घातलं आणि एकटीच त्या खोलीत हसत सुटली. आयुष्यात तिला सुचलेली ती एकच गोष्ट होती जी कुणी सांगितली नव्हती, कुणाला विचारली नव्हती. आप्पांनी पाहून म्हटलं, "बरोबर." मुलांनी म्हटलं, शाई उरली होती. लोकांनी म्हटलं, काय कल्पना आहे आप्पांची. तिनं कधी हूं की चूं केलं नव्हतं. हिरवा कोल्हा कपाटाकपाटांतून आहे ना, तेवढं तिला पुरत होतं.

"सही इथं," बाई म्हणाल्या. आप्पांनी पेन उघडलं.

"माई," थोरली सून म्हणाली. एवढंच म्हणाली, पण अशा सुरात, की नवऱ्यानं तिच्याकडं डोळे वटारले आणि तिनं ते बघायचं नाकारलं.

"थांबा," माई म्हणाली.

पेन थांबलं.

"तो कोल्हा लाल केलाय त्यांनी," माई म्हणाली. "माझा हिरवा होता."

धाकटा खोकायला गेला, पण आता कशासाठी खोकायचं हे त्याला कळेना.

"म्हणजे?" आप्पा म्हणाले.

"लाल कोल्ह्यावर कोंबडी बसेल का? ती काय आंधळी..." माईनं जीभ चावली. तिचे डोळे भरून आले. तिशीपासून सत्तरीपर्यंत जे शब्द तिनं गिळले होते ते एकाच वाक्यात बाहेर पडले होते, आणि परत घेता येणार नव्हते.

आप्पांनी पान उजेडाकडं धरलं. मग खाली ठेवलं. मग पुन्हा धरलं. "माझं ते बरं झालं नव्हतं तर," ते म्हणाले.

"नाही."

"मला वाटलं, सुधारलं. कुणी काही बोलत नव्हतं."

"मीच बोलू देत नव्हते."

"माई, नको," थोरला म्हणाला.

"तू थांब रे," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. घोड्याच्या वेळी असाच झाला होता, हे माईला आठवलं. सुनेनं मागून खुर्ची सरकवली तेव्हा ती बसली.

"मला एक सांग," आप्पा म्हणाले. "खरा कोल्हा. गवतात बसलेला. तो तुला दिसतो?"

"दिसतो."

"कसा दिसतो?"

"लांबूनच दिसतो. रस्त्यावरून दिसेल."

"आणि तुला?" त्यांनी थोरल्याला विचारलं. थोरल्यानं मान हलवली. वकीलबाईनंही. धाकट्यानं दोघांकडं बघून हलवली. आप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. आपल्या टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना आयुष्यभर कोल्हे दिसत आले आहेत, ही त्यांना नवीनच बातमी होती.

"मला नाही दिसत," ते म्हणाले. "लहान असताना शेताच्या बांधावर सगळे ओरडायचे, तो बघ, तो बघ. मी बघायचो, तर नुसतं गवत. मला वाटायचं, कोल्हा दिसतच नसतो, हे सगळे उगाच म्हणतात. त्यावरच तर मी हे गाणं केलं."

"ठाऊक आहे," माई म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"लाल लावून बघितला तेव्हा कळलं. गाणं जुळेना. मग मनात आलं, यांना कोल्हा कसा दिसत असेल. म्हणून हिरवा केला. तुम्हाला दिसतं तसं एकदा तरी सगळ्यांना दिसू दे, म्हटलं."

कार्डवाल्या बाईंनी आपली सुधारलेली प्रत गुपचूप ओढून घेतली आणि उलटी करून मांडीवर ठेवली. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण त्याही नुसत्या खोकल्या.

मग आप्पांचे खांदे हलायला लागले. वकीलबाई घाबरून उठली. ते हसत होते. "म्हणजे कोंबडीचं चुकलं नव्हतं तर," ते म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले. "तिच्या जागी मीही कोल्ह्यावरच बसलो असतो."

पेनाचं टोपण त्यांनी लावून टाकलं. "बाई, असं करा. तुमच्या चित्रकाराला सांगा, पुन्हा पहिल्यासारखं कर. आणि झाकणावर माझं नाव घालाल, तिथं हिचंही घाला. रेघ माझी, बाकी हिचं. मगच सही."

"घालते," बाई म्हणाल्या. "तक्रार आली तर येऊ दे."

"पण त्यात एक कलम..." वकीलबाई म्हणाली आणि वहिनीनं तिच्यासमोर बिस्किटांची ताटली ठेवली.

माईचं मात्र या कशाकडं लक्ष नव्हतं. नाव घालतात की नाही, ते तिला ऐकूही आलं नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी पदराशी चाळा करत तिनं विचारलं, "उद्या सकाळी बसणार ना चित्राला?"

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. "बसणार. पण आता तू तिकडं शाई घोटत बसायचं नाहीस. खुर्ची माझ्या शेजारी घे. जे तुला दिसतं आणि मला दिसत नाही, ते सगळं मला सांगायचंस. काही लपवायचं नाही."

"सगळं?"

"सगळं."

"उद्यापासून?"

"आत्तापासून."

माईनं टेबलाखाली वाकून पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाली, "तुमचे दोन पायांतले मोजे वेगवेगळे आहेत."

आप्पांनी पाय पुढं घेऊन दोन्हीकडं नीट बघितलं. "कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून," माई म्हणाली.